भेडाघाट की कांगेर घाटी? विदर्भातून एकच जमणार असेल तर

दिवाळीनंतर चार दिवस हाताशी आहेत, गाडी घरची आहे अन् चुनखडीतून नदीनं कापलेली दरी बघायची आहे, तर आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडच्या माणसापुढे दोन नावं येतात. एक जबलपूरजवळचं भेडाघाट, दुसरी छत्तीसगडात जगदलपूरच्या खालची कांगेर घाटी. दोन्हीकडे घरच्यांना घेऊन जाऊन आलोय, अन् गावात कोणी ना कोणी विचारत असतं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

कोरपना, राजुरा, वणीवाल्यांना चुनखडी काय ते सांगायची गरज नाही, आपल्याकडे ती खाणीतून निघते अन् सिमेंट होऊन जाते. हात न लावता सोडली तर पाणी तिचं काय करतं, ते या दोन ठिकाणी दिसतं.

आधी भेडाघाट. तिथला खडक म्हणजे उष्णता अन् दाबानं संगमरवर झालेली चुनखडीच, अन् नर्मदा त्यातून अरुंद वाट काढत जाते. धुआंधार धबधब्याचे तुषार अंगावर घ्यायचे, मग पंचवटी घाटावरून नावेत बसायचं. सकाळच्या उन्हात भिंती पांढऱ्याशुभ्र, मधेच काळसर-पिवळसर पट्टे, खरंच डोळ्यांचं पारणं फिटतं. वरती दहाव्या शतकातलं कलचुरी राजांचं चौसष्ट योगिनी मंदिर. जवळच लम्हेटा घाट आहे, त्याच्या नावानं ओळखला जाणारा खडकाचा थर आपल्या वरोऱ्याजवळ पिसदुऱ्यालाही आहे, जिथं डायनासोरचे जीवाश्म सापडले. नागपूरहून सिवनीमार्गे रस्ता चांगला, पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर, राहणं-खाणं सोपं, रोपवे पण आहे. सोयीच्या बाबतीत कांगेर याच्या जवळपासही येत नाही.

पण मला जे खटकलं ते नावेत. दरीच्या एका वळणावर, पाण्यापासून हात-दीड हात वर, खडकाच्या पुढे आलेल्या ओठाखाली पाकोळ्यांची मातीची घरटी होती, एकाला एक चिकटून, अन् पाखरं नावेच्या इतक्या जवळून आत-बाहेर करत होती की चोचीतला चिखलाचा गोळा दिसावा. दोन मिनिटं थांबा म्हटलं तर थांबता येईना, कारण मागं दुसरी नाव, घाटावर पुढचे लोक ताटकळलेले, अन् आमच्याच नावेत कोणीतरी स्पीकरवर गाणी लावलेली. वर कपारीला आग्या मोहोळं लटकलेली असताना हा गोंगाट, मला तर काळजीच वाटत होती. स्वतंत्र नाव केली तर फरक पडतो म्हणा, पण दुसऱ्या नावेतला आवाज त्या उभ्या भिंतींमधे घुमत राहतो, त्याला इलाज नाही. कदाचित माझा दिवस गर्दीचा असेल, दुसऱ्या कोणाला वेगळा अनुभव येऊ शकतो.

कांगेर घाटी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे २०० चौरस किलोमीटर. वाघासाठी जाऊ नका, वाघ आपल्या ताडोबात आहे. इथं जायचं ते कुटुमसर गुहेसाठी, पहाडी मैनेसाठी अन् कांगेर नदीसाठी. नदी भैंसादरहाला येऊन खोल अन् संथ होते, तिथं मगरी आहेत. तीरथगडचा धबधबा टप्प्याटप्प्यानं सुमारे ३०० फूट उतरतो. पहाडी मैना छत्तीसगडचा राज्यपक्षी, वाळक्या झाडांच्या ढोलीत घरटं करते, अन् तिच्यावर लक्ष ठेवायला आसपासच्या गावांतली पोरं 'मैना मित्र' म्हणून काम करतात, हे मला फार आवडलं.

कुटुमसरला गाईड दिवा घेऊन पुढं चालतो. आत एका डबक्याशी त्यानं उजेड तिरपा धरला, तेव्हा बोटाएवढी फिकट मासळी दिसली, डोळ्यांच्या जागी जेमतेम ठिपका. ही जात बाहेरच्या ओढ्यांत डोळस असते, गुहेतल्या अंधारात पिढ्यान् पिढ्या राहून हिचे डोळे अन् रंग दोन्ही गेले. मधेच ती वर येते, तोंडानं हवा घेते, परत खाली. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, त्यासोबत पालापाचोळा अन् किडे वाहून येतात, त्यावर इथला सगळा संसार चालतो. आम्ही पाहिजे तितका वेळ बघत बसलो, कोणी घाई केली नाही.

त्रास नाहीत असं नाही. गुहेचं तोंड अरुंद, पायऱ्या उभ्या अन् निसरड्या, आत दमट गरम होतं, दमा असेल तर विचार करा. रायपूर, धमतरी, कांकेर, केशकाल घाट, कोंडागाव असा लांबचा रस्ता, त्यात दोन दिवस जातातच. युनेस्कोच्या संभाव्य यादीत दोन्ही आहेत, भेडाघाट २०२१ ला गेलं, कांगेर २०२५ ला, तेव्हा गर्दी तिकडंही वाढेल असं वाटतं, म्हणून जायचं तर लवकर जा.

पावसाळ्यात गुहा बंद अन् भेडाघाटची नावही बंद, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ धरा, तेव्हा तीरथगडलाही पाणी असतं. मुक्काम जगदलपूरला, गुहा सकाळीच. सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर मात्र भेडाघाटच करा, अन् तेही सोमवार-मंगळवारी, ऊन तापायच्या आत.