चिकलठाणा की नांदेड?

परभणी-हिंगोलीकडच्या माणसाला विमान गाठायचं तर मराठवाड्यात दोनच दारं: छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा आणि नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी विमानतळ.

चिकलठाणा जुनं आणि मुरलेलं. अजिंठा-वेरूळमुळे इंडियन एअरलाइन्सचं विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर करत इथं उतरून मुंबईला जायचं. 26 एप्रिल 1993 ला त्याच मार्गावरच्या बोइंग 737 चं चाक धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी लादलेल्या ट्रकला धडकलं. 118 पैकी 55 जण गेले. इथल्या जुन्या माणसांसमोर विमानतळाचा विषय काढा, गाडी तिथंच येते. पुढे नवं टर्मिनल आलं, वाळूजच्या कारखानदारीनं प्रवासी दिले. मुंबई-दिल्लीची सोय टिकून राहिली.

नांदेडचं तसं नाही. 2008 च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यानं (गुरू ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याची शिखांची त्रिशताब्दी) त्याचं रूप पालटलं, किंगफिशर आली आणि गेलीही. 2017 मध्ये 'उडान' या केंद्राच्या स्वस्त प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या पहिल्याच दिवशी हैदराबादचं विमान सुटलं, वर्षअखेर थेट अमृतसरही जोडलं गेलं. मग पुन्हा शुकशुकाट. मार्च 2024 च्या शेवटी स्टार एअरनं बंगळुरू, हैदराबाद, पंजाबातलं आदमपूर वगैरे फेऱ्या सुरू केल्या. विमानं मात्र छोटी.

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला यायचं किंवा हैदराबाद-बंगळुरू गाठायचं तर नांदेडच बरं. पण तारीख चुकवून चालणार नसेल, तर मी परभणीहूनही चिकलठाणाच धरेन. रस्त्याचे चार तास गेले तरी.