‘२० लिटर’च्या कुंडीत मावतं ११ लिटर: कोकोपीटच्या संचात झालेली फसवणूक

घरात मोठी झाडं लावायची असतील तर कुंड्या आणि कोकोपीट (मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या सोडणांचा भुसा) एकत्र देणारे संच आजकाल सहज मिळतात. अशाच एका संचात माझी फसवणूक झाली. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण माप फुगवून छापायची ही पद्धत एकाच विक्रेत्यापुरती नाही. ती कशी चालते आणि झाड लावण्याआधी कशी पकडायची, तेवढं सविस्तर सांगते.

संचात तीन कुंड्या होत्या, प्रत्येकीवर ‘२० लिटर’ लिहिलेलं. सोबत कोकोपीटची दाबलेली वीट, तिच्यावर ‘६० लिटरपर्यंत फुलते’. हिशेब चोख वाटतो: तीन कुंड्या, साठ लिटर. मला रबर प्लांट, मॉन्स्टेरा आणि फिडल लीफ फिग मोठ्या कुंड्यांत हलवायचे होते. विक्रेत्याशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा त्यांनी झाडांची उंची विचारली आणि म्हणाले, “ताई, एवढ्या झाडांना २० लिटर अगदी योग्य, पुढची दोन-तीन वर्षं बघावं लागणार नाही.” सल्ला चुकीचा नव्हता. कमरेएवढ्या झाडाला कोकोपीटमध्ये खरे २० लिटर मिळाले तर ते आरामात वाढतं.

वीट भिजवली, फुलली, तिन्ही कुंड्या भरल्या आणि मूठभर कोकोपीट उरलं. शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि या फसवणुकीतली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. कुंडी निम्मी होती आणि कोकोपीटही निम्मंच होतं. नुसती कुंडी लहान असती तर कोकोपीट ढीगभर उरलं असतं; नुसती वीट लहान असती तर कुंड्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या असत्या. दोन खोटी मापं एकमेकांत बरोब्बर बसवली, की घरी कुणाला काहीच खटकत नाही.

खटकलं ते पाणी घालताना. २० लिटरच्या हिशेबाने खत मिसळलेलं पाणी घालायला लागले की ते खूपच लवकर खालच्या ताटलीत उतरायचं. वर, पुढचं पाणी द्यायच्या वेळेआधीच कुंडी हाताला हलकी लागायची. रबर प्लांटची कुंडी तर जरा धक्का लागला तरी डुलायची. कोकोपीट मातीपेक्षा मुळातच हलकं असतं, त्यात ते निम्मं. वर उंच झाड असेल तर तोल राहणार कसा?

संचाबरोबर मी दुसरा तसाच संच मागवून ठेवला होता, तो अजून वापरला नव्हता. त्यातली कुंडी घेतली, आत बिनभोकाची प्लास्टिकची पिशवी नीट पसरली आणि एक लिटरच्या बाटलीने पाणी ओतत गेले. अकरा बाटल्या गेल्या, बारावी अर्धीही गेली नाही आणि पाणी काठावर आलं. कोकोपीट काही आपण काठोकाठ भरत नाही, पाणी घालायला वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडतो. ती सोडली तर झाडाच्या वाट्याला दहा लिटरसुद्धा येत नाहीत.

मग हे २० आले कुठून? फूटपट्टी लावल्यावर समजलं. कुंडीच्या जाड काठासकट बाहेरून व्यास ३० सेंटिमीटर, खालच्या पायांसकट उंची ३० सेंटिमीटर. या दोन आकड्यांवरून सरळ पिंपासारखं माप काढलं तर २१ लिटर येतं. पण आतून पाहिलं तर वरचा व्यास २७, तळाचा व्यास २० आणि खोली फक्त २६ सेंटिमीटर. म्हणजे काठाची जाडी, खालचे पाय आणि तळाकडची निमुळती होत गेलेली जागा, सगळं लिटरमध्ये धरून विकलेलं.

हा हिशेब कुणालाही करता येतो. आतला वरचा आणि तळाचा व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्यांची सरासरी काढा. सरासरीला तिनेच गुणा, मग खोलीने गुणा, मग ०.७८५ ने गुणा आणि १००० ने भागा. माझ्या कुंडीचं उत्तर ११.३ येतं, पाणी ओतूनही जवळपास तेवढंच आलं. खरी २० लिटरची गोल कुंडी आतून साधारण वर ३४, तळाला २७ आणि २८ सेंटिमीटर खोल असते. ऑनलाइन घेताना हे तीन आतले आकडे विक्रेत्याला लेखी विचारा. नुसता ‘१२ इंची’ हा शब्द काही सांगत नाही: तो बहुतेक वेळा काठाचा बाहेरचा व्यास असतो, खोलीचा त्यात पत्ताच नसतो. गॅलनमध्ये लिहिलेलं माप तर आणखी फसवं. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा, आणि रोपवाटिकांच्या व्यवहारात ‘एक गॅलन’ म्हणून चालणाऱ्या कुंडीत जेमतेम तीन लिटर मावतं.

दुहेरी भिंतीच्या, दिसायला देखण्या कुंड्यांबाबत तर जास्तच जपा. बाहेरचं कवच उंचच उंच आणि आतलं भांडं वरच्या भागापुरतं. खाली पाण्याची टाकी असेल तर तिची जागाही लिटरमध्ये मोजलेली असते. मुळांना मिळते ती फक्त आतल्या भांड्याची जागा.

आता कोकोपीट. न उघडलेली वीट वजनकाट्यावर ठेवली: अडीच किलोच्या किंचित वर. वेष्टनावर वजन कुठेच छापलेलं नव्हतं, फक्त लिटर. चांगल्या प्रतीची पाच किलोची वीट पूर्ण फुलल्यावर ६० ते ७५ लिटरपर्यंत जाते, म्हणजे अडीच किलोतून साठ लिटर निघणं शक्यच नाही. मी ती भिजवली, हाताने मोकळी केली, माहीत असलेल्या मापाच्या बादलीने न दाबता मोजली. ३२ लिटर भरलं. ‘पर्यंत’ हा शब्द लिहिला की विक्रेता मोकळा. म्हणून लिटर बघू नका, कोरड्या विटेचं वजन बघा, आणि हेही लक्षात घ्या की मोकळं मोजलेलं कोकोपीट दोन-चार पाण्यांनंतर कुंडीत बसतं. थोडं जादाच लागतं.

सुटं, ओलसर कोकोपीट वजनावर विकत घेणं मात्र टाळाच. कोकोपीट आपल्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं, त्यामुळे तिथे तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. वाळूची भेसळ ओळखायला पारदर्शक बरणीत मूठभर कोकोपीट आणि भरपूर पाणी घालून ढवळा. कोकोपीट तरंगतं किंवा सावकाश खाली येतं, वाळू लगेच तळाशी बसते. माझ्या बरणीत तळाला करडा थर स्पष्ट दिसला.

माप कमी असणं एक वेळ पैशांचं नुकसान म्हणून सोडून देता येईल. झाडांना खरा त्रास झाला तो दुसऱ्या खोटेपणामुळे. वेष्टनावर ‘धुतलेले व बफर केलेले’ असं ठळक लिहिलं होतं. नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवतात, शिवाय सोडणात स्वतःचं पोटॅशियम असतंच. त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर राहतं. फिडल लीफ फिगच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, मॉन्स्टेराची नवी पानं आखडलेली आणि वेडीवाकडी यायला लागली. कॅल्शियम कमी पडलं की ते आधी नव्या पानांत दिसतं; मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांत, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी.

पाण्यातले क्षार मोजणारा साधा मीटर घेऊन तपासलं. आधी नुसत्या पाण्याचं वाचन घेतलं, मग त्याच पाण्यात न वापरलेलं कोकोपीट काही तास भिजवून, पिळून निघालेल्या पाण्याचं. नीट धुतलेल्या कोकोपीटचा ईसी (पाण्याची विद्युतवाहकता; क्षार जास्त तर आकडा जास्त) साधारण ०.५ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली असायला हवा, इथे तो १.९ निघाला. ईसी न लिहिता काही जण टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा लिहितात, तिथेही जपा. काही मीटर ईसी १ म्हणजे ५०० धरतात, काही ७००. कुठलं प्रमाण वापरलं ते न सांगता लिहिलेल्या ‘५०० च्या आत’ला अर्थ नाही.

आणि धुणं वेगळं, बफर करणं वेगळं. धुतल्याने पाण्यात सुटे असलेले क्षार निघून जातात. कोकोपीटच्या कणांना चिकटलेलं सोडियम आणि पोटॅशियम साध्या पाण्याने सुटत नाही, त्याला कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवावं लागतं. कॅल्शियम त्या जागा घेतं आणि ते क्षार पाण्यात उतरतात. हे न करता झाड लावलं तर आपण खतातून दिलेलं कॅल्शियम आधी कोकोपीटच ओढून घेतं, झाडाला उशिरा आणि कमी मिळतं. नुसतं धुतलेलं कोकोपीट मीटरवर छान वाचन दाखवेल, म्हणून मीटर हा पूर्ण पुरावा नव्हे. कोणत्या द्रावणात किती वेळ भिजवलं, हे विक्रेत्याने सांगायला हवं. ज्याने खरंच केलं आहे त्याला हे सांगायला अडचण नसते.

लहान कुंडीमुळे हा त्रास आणखी वाढला. कोकोपीट कमी असलं की ते लवकर सुकतं, आणि सुकताना उरलेल्या पाण्यात क्षार घट्ट होत जातात. दहा लिटरमध्ये कोकोपीटवर मोठं झाड वाढवता येत नाही असं नाही. कोकोपीटमध्ये मातीपेक्षा लहान कुंडी चालते, पण मग पाणी थोडं थोडं आणि जास्त वेळा द्यावं लागतं आणि दर वेळी घातलेल्या पाण्यापैकी १० ते २० टक्के खालून वाहून जाऊ द्यावं लागतं. त्यासाठी कुंडी किती लिटरची आहे हे आपल्याला माहीत हवं. चुकीचा आकडा छापला की पाण्याचं आणि खताचं सगळं वेळापत्रकच चुकतं, आणि दोष मात्र झाडाच्या मालकाच्या माथी येतो. विक्रेत्यांचं पहिलं उत्तर तेच होतं: “तुमचं पाणी कमी पडतंय.”

दुसऱ्या बाजूची फसवणूकही मी पाहिली आहे, ती मुद्दाम मोठी कुंडी खपवण्याची. “कोकोपीटमध्ये मुळं कुजतच नाहीत, थेट ४० लिटरची घ्या” असं सांगितलं जातं. कोकोपीटमध्ये हवा चांगली खेळते हे खरं, पण कुठल्याही कुंडीत निचरा झाल्यावर तळाशी चिंब ओला थर राहतोच. त्याची जाडी कुंडीच्या आकारावर नाही, कोकोपीट किती बारीक आहे यावर ठरते. छोट्या झाडाभोवती मोठं ओलं कोकोपीट असेल आणि तिथे पाणी ओढायला मुळंच नसतील तर ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि मुळं सडतात. उथळ, पसरट कुंडीत तर त्या ओल्या थराचा वाटा जास्तच. तळाला खडे घालून उपयोग नाही, ओला थर फक्त वर सरकतो. आताच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा व्यासाने ५ सेंटिमीटर मोठी, फार मोठ्या झाडाला ८-१० सेंटिमीटर मोठी कुंडी घ्यावी, आणि खोली व्यासाच्या जवळपास असावी. एकदम तिप्पट मोठी कुंडी घ्यायला जो आग्रह करतो, त्याचा झाडाशी संबंध नाही.

तक्रारीचं सांगते. बाटल्यांनी पाणी ओतल्याचा व्हिडिओ, विटेचं वजन आणि आतल्या मापांचे फोटो पाठवले. उत्तर आलं की २० लिटर हे ‘नाममात्र माप’ आहे आणि झाड लावलेली कुंडी परत घेतली जात नाही. जाहिरातीत नाममात्र हा शब्द कुठेही नव्हता, तेव्हाची जाहिरात मी जपून ठेवली होती, ती पाठवली. शेवटी झाडं न लावलेल्या संचाचे पैसे परत मिळाले. झाडं लावलेल्या तीन कुंड्यांचे मिळाले नाहीत.

तिन्ही झाडं आता मोजून घेतलेल्या कुंड्यांत आहेत. जुनं कोकोपीट मुळांना धक्का न लावता जेवढं निघालं तेवढं काढलं, नवं कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पुन्हा धुऊन वापरलं. करपलेली पानं सुधारत नाहीत, पण मॉन्स्टेराचं नवं पान सरळ उलगडलं आहे.

तुम्ही असा संच मागवलात तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधी घ्या. माल आला की वीट भिजवण्याआधी तिचं वजन करा, एका कुंडीत पिशवी घालून पाणी मोजा आणि दोन्हींचा व्हिडिओ काढा. चिमूटभर कोकोपीट विटेच्या कोपऱ्यातून काढून भिजवा आणि मीटर लावा. हे सगळं काही तासांत होतं आणि वीट, कुंड्या जवळपास जशाच्या तशा राहतात, त्यामुळे परत घ्यायला नकार देण्याचं कारण विक्रेत्याकडे फारसं उरत नाही.