१६ आठवडे, एक बेंच आणि पाव किलोच्या प्लेट्स

करी रोड स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, परळच्या एका जुन्या औद्योगिक गाळ्यात पॉवरलिफ्टिंगची, म्हणजे जड वजन उचलण्याच्या स्पर्धात्मक खेळाची, एक लहानशी जिम आहे. जून ते सप्टेंबर असे १६ आठवडे मी तिथे केवळ बेंच प्रेसचे (बेंचवर उताणे पडून वजनाचा बार छातीपर्यंत आणून वर ढकलण्याचे) प्रशिक्षण घेतले. छातीच्या किंवा खांद्याच्या दुखापतीनंतर पुन्हा बारखाली जाण्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. जागा अपुरी असल्यामुळे नाव लिहू नये अशी तिथल्या प्रशिक्षकांची इच्छा आहे आणि ती मी पाळतो. मात्र लालबाग-परळ भागातून स्पर्धांत उतरणाऱ्या कोणत्याही पॉवरलिफ्टरला विचारले तर पत्ता सहज मिळेल.

आधी माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. माझे वय ४१ आहे, मी ८३ किलो वजनगटात मास्टर्स (चाळिशीपासून पुढच्यांच्या) विभागात खेळतो आणि स्पर्धेतील माझा सर्वोत्तम बेंच प्रेस १३७.५ किलोचा आहे. गेल्या फेब्रुवारीत, घराजवळच्या एका जिममध्ये १२० किलोचा सेट (सलग केलेल्या उचलींचा संच) करताना तिसऱ्या रेपला (उचलीला) बार खाली येत असतानाच उजव्या काखेजवळ जाडे कापड फाटावे तसा आवाज झाला. तिथल्या रॅकचे खांब एकाच उंचीवर पक्के होते, त्यामुळे बार काढण्यासाठी प्रत्येक वेळी खांदे बेंचवरून उचलावे लागत आणि मागे ओढून धरलेली खांद्याची पाती सेट सुरू होण्याआधीच सुटत. दुसऱ्या दिवशी काखेपासून कोपरापर्यंत निळे-जांभळे रक्त साकळले होते. एमआरआयमध्ये छातीच्या मोठ्या स्नायूला, जिथे त्याचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) सुरू होतो त्या जागी, अर्धवट फाट असल्याचे दिसले. कंडरा हाडापासून सुटलेला नव्हता, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची गरज नसल्याचे सांगितले. त्यानंतर तीन महिने फिजिओथेरपी झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस बारला हात लावण्याची परवानगी मिळाली.

या टप्प्यावर माणूस सर्वांत जास्त चुका करतो, असे माझे मत आहे. दुखणे थांबलेले असते, हात वर जातो, स्नायूची ताकद परतू लागल्यासारखी वाटते. पण कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्याची बांधणी स्नायूपेक्षा फार सावकाश होते. जो भाग सर्वांत मागे राहिलेला असतो, नेमका त्याचाच अंदाज आतून येत नाही. त्यामुळे मला जड वजन असलेली जिम नको होती. हलके वजन नीट मोजून देणारी आणि वेळेवर थांबवणारी जागा हवी होती.

तिथल्या प्रशिक्षकांना सगळे ‘सर’ म्हणतात. चाळिशीच्या पुढच्यांना ते ‘अहो’ म्हणतात आणि कॉलेजच्या मुलांना ‘अरे’, एवढाच काय तो फरक. बाकी नियम सर्वांना सारखे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी एमआरआयचा अहवाल पाहिला आणि विचारले, “फिजिओंचं पत्र कुठंय?” ते मी आणले नव्हते. “मग आज फक्त वही करू. बारला हात पत्रानंतर,” असे म्हणून त्यांनी शंभर पानांची एक वही पुढे केली आणि पट्टीने रकाने आखायला लावले: तारीख, प्रकार, वजन, रेप, सेट करताना किती दुखले, दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखले. अंधेरीहून, ठाण्याहून येणाऱ्या माणसाला असे परत पाठवलेले आवडणार नाही, हे मला मान्य आहे. मला स्वतःला मात्र त्याच क्षणी विश्वास वाटला, कारण दुखापतीचे निदान हे आपले काम नाही, हे ओळखणारा प्रशिक्षक सहसा भेटत नाही.

दुखण्याचा नियम साधा होता. शून्य ते दहा या मापावर तीनपर्यंत दुखले तर चालेल, त्याहून जास्त दुखले तर सेट तिथेच थांबेल. आणि दुसऱ्या सकाळी दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले असेल तर पुढच्या वेळी वजन वाढणार नाही. सकाळची परीक्षा माझ्यासाठी लोकलमध्येच होत असे. मुलुंडहून धीम्या गाडीने येताना उजव्या हाताने वरची कडी धरली आणि गाडीने हिसका दिला की काखेच्या पुढच्या बाजूला जे काही जाणवे, तो आकडा मी फोनवर टिपून ठेवी आणि संध्याकाळी वहीत उतरवी.

पहिले तीन आठवडे फक्त रिकामा बार, म्हणजे २० किलो. खाली आणायला चार सेकंद, छातीच्या वर वीतभर अंतरावर दोन सेकंद थांबायचे, मग वर. १५ रेपचे तीन सेट. त्यानंतर बेंच बाजूला गेले आणि आम्ही जमिनीवर आलो. फ्लोअर प्रेसमध्ये दंड जमिनीला टेकला की हात आणखी खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे स्नायू जिथे सर्वांत जास्त ताणला जातो आणि बहुतेकदा जिथे फाटतो, ती खालची अवस्था आपोआप टळते. सरांनी हा व्यायाम स्विस बारवर करून घेतला. त्याच्या मुठी समोरासमोर असल्यामुळे कोपर शरीराजवळ राहतात आणि खांद्यावरचा ताण कमी होतो. पाचव्या आठवड्यात ४० किलो होते, आठव्यात ६२.

येथेच त्या पाव किलोच्या प्लेट्सचा विषय येतो. खिडकीखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात पाव, अर्धा आणि एक किलोच्या जोड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीवर रंगाने वजन लिहिलेले आहे आणि ते काट्यावर तपासलेले आहे. मी पाहिलेल्या बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की वजन थेट ५ किलोंनी वाढते. १२० किलो उचलणाऱ्याला ही वाढ चोविसाव्या हिश्श्याची आहे, पण ४० किलोवर असलेल्या दुखापतग्रस्ताला ती आठव्या हिश्श्याची होते, आणि बऱ्या होत असलेल्या कंडऱ्याला एका दिवसात तेवढी उडी झेपेलच असे नाही. माझ्या वहीत ५१.५ आणि ५४.५ असे आकडे आहेत. आजवरच्या १२ वर्षांच्या सरावात असे आकडे मी कधी लिहिले नव्हते. माझ्या दृष्टीने या जागेतील सर्वांत मोलाची वस्तू तो डबा आहे.

नवव्या आठवड्यापासून पुन्हा बेंचवर, पण छातीवर फळ्या ठेवून. परळच्याच एका सुताराकडून करून घेतलेल्या या फळ्या दोन बोटे जाडीच्या आहेत. आधी तीन, मग दोन, मग एक, अशी दर आठवड्याला एक फळी कमी होत गेली आणि बार दोन-दोन बोटांनी छातीकडे सरकत गेला. फळी धरायला समोरचा मुलगा वाकलेला, डोक्यामागे लाकडी खोक्यावर सर उभे, आणि “घेतलात?” असे विचारून, मी मान हलवल्यावरच ते बार काढून देत. बार काढून देणे ही स्वतंत्र कला आहे. तो वर उचलला तर पाती सुटतात. सर तो उचलत नाहीत, खाचेतून सोडवून आडवा सरकवत बरोबर खांद्याच्या वर आणून सोडतात, आणि त्यांची बोटे कधी निघाली हे कळतही नाही. फेब्रुवारीत माझ्याकडे नेमके हेच नव्हते.

पकडीवर त्यांनी बराच वेळ दिला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन तर्जनींमधील अंतर ८१ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि मी कित्येक वर्षे त्या खुणेवरच तर्जनी ठेवत आलो होतो. रुंद पकडीत बारला वर-खाली कापावे लागणारे अंतर कमी होते, पण छातीच्या स्नायूवरचा ताण वाढतो. सरांनी दोन्ही हात दोन-दोन बोटे आत घेतले आणि बारवर पांढऱ्या चिकटपट्टीने खुणा केल्या. त्याला आणखी एक कारण आहे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाने २०२३ पासून असा नियम केला आहे की बार छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या बाजूइतकी किंवा तिच्याही खाली आली पाहिजे. पाठीची मोठी कमान आणि रुंद पकड असलेल्यांना ही खोली गाठणे कठीण जाते. शेवटच्या पाच आठवड्यांत दर शनिवारी बेंचच्या उंचीला फोन ठेवून बाजूने चित्रण केले जाई आणि कोपर कुठवर आले ते थांबवून पाहिले जाई. स्पर्धा चार-पाच महिने दूर असतानाच हे बदल पचतात, म्हणूनच मी ऑफ-सीझनचा काळ निवडला होता.

प्रत्येक प्रेसच्या सेटमागे पाठीसाठी ओढण्याचे दोन सेट, शिवाय रबराच्या पट्ट्याने खांदा बाहेर फिरवण्याचे व्यायाम, हे ठरलेलेच होते. त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

तेराव्या आठवड्यात मी सरांशी वाद घातला. ९० किलो पाच रेप अगदी हलके गेले होते, दुखणे शून्य होते आणि मला १०० लावायचे होते. सरांनी वही उघडली, दोन आठवड्यांपूर्वीच्या ओळीवर बोट ठेवले, जिथे सकाळच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ३ लिहिलेले होते, आणि म्हणाले, “ह्या दिवशीपण संध्याकाळी शून्यच होतं. आज एवढंच. बार ठेवा.” मी नाराज होऊन घरी गेलो. सोळाव्या आठवड्यात, छातीवर पूर्ण एक सेकंद थांबून, १०२.५ किलोचे तीन रेपचे तीन सेट झाले, आणखी तीन रेप सहज निघाले असते एवढी ताकद शिल्लक ठेवून. आणि दुसऱ्या सकाळी गर्दीच्या लोकलमध्ये कडी धरल्यावर वहीत लिहिण्यासारखे काही नव्हते.

आता उणिवा. मापाचे स्पर्धा-बेंच एकच आहे. त्याची उंची नियमाप्रमाणे ४२ ते ४५ सेंटिमीटरच्या आत असल्याने पाय जमिनीवर घट्ट रोवता येतात आणि खांबांची उंची प्रत्येकासाठी बदलता येते, त्यामुळे सगळ्यांना तेच हवे असते. संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत एकेका सेटसाठी वीस मिनिटे थांबावे लागते आणि तोवर अंग थंड पडते, जे दुखापतग्रस्ताला मुळीच परवडणारे नाही. वातानुकूलन नाही, फक्त दोन पंखे आहेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत बारवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मुले तारेचा ब्रश आणि तेल घेऊन तो साफ करतात, पण मध्ये चार दिवस पकड निसटती राहते. स्त्रियांसाठी कपडे बदलायला पडद्यामागची जागा आहे, ती पुरेशी नाही आणि हे बदलायला हवे. तिथे येणाऱ्या दोन्ही मुलींनी हे मला स्वतः सांगितले आहे. हिंदमाताला पाणी तुंबले की दादरकडून येणाऱ्यांचा दिवस बुडतो आणि त्या दिवसाचे पैसे वळते होत नाहीत.

सर्वांत गंभीर उणीव अशी की सगळे काही एका माणसावर उभे आहे. ऑगस्टमध्ये सर पंच म्हणून बाहेरगावी गेले असताना त्यांच्या जागी असलेल्या तरुणाने मला बार काढून देताना तो जोरात वर उचलला, माझे खांदे सुटले आणि मी सेट न करताच बार परत ठेवायला सांगितला. इजा काही झाली नाही. सर परतल्यावर मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी त्या मुलाला बोल न लावता पुढचा पूर्ण आठवडा रिकाम्या बारवर बार काढून देण्याचा सराव करायला लावला. तरीही सर नसतील त्या दिवशी नव्या माणसाने बेंच करू नये, पाठीचे व्यायाम करून परतावे, असे मी सुचवेन.

शुल्क महिन्याला ४,५०० रुपये असून तीन महिन्यांचे एकदम भरावे लागते. मुंबईच्या मानाने, आणि विशेषतः एवढे लक्ष मिळत असताना, ते मला रास्त वाटले. कंडरा पूर्ण तुटलेला असेल, शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा डॉक्टरांची परवानगी नसेल, तर इथे जाण्यात अर्थ नाही, कारण सर परतच पाठवतील. दोन महिन्यांवर स्पर्धा असलेल्यांनीही जाऊ नये. ही पद्धत घाई करणाऱ्यांसाठी नाही. जाणाऱ्यांनी सकाळी साडेसहाची वेळ मागून घ्यावी, तेव्हा बेंच मोकळे असते. फिजिओंचे लेखी पत्र सोबत ठेवावे, स्वतःचा टॉवेल न्यावा, आणि वही तिथेच मिळते, पट्टी मात्र घरून न्यावी.