भिंतीतून निखळलेला दांडा: आईबाबांच्या घराच्या कामात झालेली आमची फसवणूक

माझे आईबाबा नाशिकला इंदिरानगरमधील रो-हाउसमध्ये दोघेच राहतात. बाबा ७८ वर्षांचे असून वॉकर घेऊन चालतात, आईला कंपवात आहे आणि मी नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते. ते घर त्यांना सोडायचे नाही, त्यांनी ते सोडावे असे मलाही वाटत नाही. म्हणून गेल्या वर्षी बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवायचे आणि पुढच्या दाराशी पायऱ्यांऐवजी उतार करून घ्यायचा, असे आम्ही ठरवले. हे काम ज्याला दिले त्याने आम्हाला कसे फसवले ते सविस्तर लिहिते आहे, कारण मुले परगावी असलेल्या कोणत्याही घरात हेच घडू शकते.

दारात आलेल्या एका पत्रकावरून आम्ही त्याला बोलावले. त्याने खिशातून लोहचुंबक काढून दांड्याला लावले आणि ते चिकटत नाही हे दाखवून, "बघा काका, हे ३०४ ग्रेडचं स्टील आहे, कधी गंजायचं नाही," असे सांगितले. बाबांना ते पटले, फोनवर मलाही पटले. वास्तविक २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. खरा फरक निकेलच्या प्रमाणात असतो. ३०४ मध्ये ते सुमारे ८ टक्के असते आणि २०२ मध्ये बरेच कमी, हे मला नंतर सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून कळले. ठरलेल्या ८५ हजारांपैकी ६० हजार रुपये त्याने आधीच घेतले, उरलेले पैसे काम संपल्याचे फोटो पाठवून त्याच दिवशी मागितले, आणि फोटोतील चकचकीत दांडे पाहून मी ते लगेच पाठवले. पक्के बिल मागितले तेव्हा "जीएसटी कशाला वाढवता, ताई?" असे तो म्हणाला आणि मी गप्प राहिले, ही माझी चूक.

दिवाळीत घरी गेले तेव्हा कमोडशेजारच्या दांड्याखाली पांढऱ्या टाइलवर चहाच्या डागासारखा तांबूस ओघळ दिसला. मी दांडा धरून अंगाचा भार टाकला, तर तो स्क्रूंसकट हातात आला. स्क्रू जेमतेम इंचभर लांबीचे होते. टाइल, तिच्यामागचा सिमेंटचा थर आणि गिलावा यांतच त्यांची लांबी संपली होती. विटेपर्यंत एकही पोहोचला नव्हता, आणि तीनपैकी एका छिद्रात तर स्क्रूच नव्हता, वर नुसती चकती बसवलेली होती. आई दोन महिने रोज याच दांड्याला धरून उठत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उताराचेही तसेच. उंबरा जमिनीपासून नऊ इंच उंच आहे. अशा उतारासाठी रूढ प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांबी असे आहे. त्या हिशेबाने नऊ फूट उतार हवा होता, त्याने तीन फुटांत उरकला. बाबा तिथून उतरताना वॉकर पुढे पळायचा, म्हणून त्यांनी बाहेर जाणेच बंद केले होते, आणि मला काळजी नको म्हणून फोनवर त्यातले काहीही सांगितले नव्हते.

त्याचा फोन आता बंद असतो. सातपूरच्या त्याच फॅब्रिकेटरकडून नवे दांडे विटेत खोलवर जाणाऱ्या अँकर फास्टनरने बसवून घेतले. पैसे देण्यापूर्वी त्याने स्वतः प्रत्येक दांड्याला लटकून दाखवले. कोणाकडूनही काम करून घ्या, एवढी चाचणी घरातील धडधाकट माणसाने समोर उभे राहून घ्यावी, स्टीलचा ग्रेड बिलावर लिहून घ्यावा आणि निम्मी रक्कम या चाचणीनंतरच द्यावी.

ज्यांची अशी फसवणूक आधीच झाली आहे त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आम्ही तक्रारीची तयारी करत आहोत. निखळलेला दांडा, ते आखूड स्क्रू, यूपीआयच्या पावत्या आणि त्याने पाठवलेले फोटो बाबांनी एका पिशवीत घालून कपाटात जपून ठेवले आहेत.