मी अंबाझरी बोलतेय, तेही स्पॅनिशमध्ये

चार महिने झाले, नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरातूनच ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय. ‘विमानतळावर’, ‘हॉटेलात’ असल्या धड्यांऐवजी आमच्या मॅडम पाणी, कचरा, दुष्काळ हेच विषय घेतात. आधी वाटलं, बाप्पा, इथंही पर्यावरणाचा पेपर!

पहिला गृहपाठ घरातल्या कचऱ्याची यादी. स्पेनमध्ये प्लास्टिक-डब्यांना पिवळी पेटी, कागदाला निळी, काचेला हिरवी. मी डस्टबिन पेपरवर उपडं करून ‘कास्कारा दे नारांखा’ म्हणत संत्र्याची सालं वेगळी करत बसले. आई म्हणे, “काय करून राहिली वं?” नारांखा आपल्या नारिंगीचंच भावंड, दोघांचं मूळ संस्कृत ‘नारंग’. आता हा शब्द विसरणं शक्य नाही.

सगळ्यात रंगला तो मार मेनोरचा तास. मुर्सियातलं हे खारं सरोवर शेतांतली खतं वाहून येऊन बिघडलं आणि २०२२ मध्ये स्पेननं कायद्यानं त्याला व्यक्तीचा दर्जा दिला. मग प्रत्येकानं आपापल्या तलावाच्या तोंडून बोलायचं. मी अंबाझरी झाले. ‘मे देसबोर्दे’, मी भरून वाहिले, सप्टेंबर २०२३ मध्ये लोकांच्या घरांत शिरले. भूतकाळ तिथंच पक्का झाला.

तक्रारी आहेतच. व्याकरण घाईत उरकतात. ऑक्टोबरअखेर स्पेनमधली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागं गेली नि साडेआठचा क्लास साडेनऊला सरकला. कळवलं कधी, तर त्याच दिवशी संध्याकाळी! शिवाय रेकॉर्डिंग आठवड्यानं उडतं. तरी पुढच्या लेव्हलची फी भरलीय.