चार नंबरची पेशंट माझी आत्या होती (बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काउन्सेलिंग सेंटरचा अनुभव)

बर्नआउटसाठी, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पार रिकामा होतो त्यासाठी, मी इथे गेले. ४ स्टार देतेय, पाचवा का नाही ते पुढे लिहिलंय. रिव्ह्यू लांबलाय, पण माझ्यासारख्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बायकांनी वाचावा असं मनापासून वाटतं म्हणून सगळं लिहितेय.

मी नर्स आहे, १४ वर्षं झाली, बडोद्यातच एका प्रायव्हेट हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही. नवरात्राच्या थोडं आधी माझी सख्खी आत्या न्यूमोनियाने आमच्याच वॉर्डात ॲडमिट झाली. माझी सलग सहावी नाइट होती. सलाईन बघायला गेले, हात हातात घेतला, कॅन्युलाच्या (सलाईनच्या नळीच्या) जागी सूज होती, आणि मी वर न बघताच ज्युनिअरला म्हटलं, चार नंबरची लाईन बदल गं. तेवढ्यात आवाज आला, "अगं, मी आहे." खिडकीजवळचा तो बेड तिला मीच मागून घेऊन दिला होता, म्हणजे ती तिथे आहे हे मला पक्कं माहीत होतं, तरी हातात होता तो फक्त एक हात होता, आत्याचा नव्हता. आणि खरं सांगते, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. पुढच्या बेडकडे गेले. रडू आलं ते दोन दिवसांनी, घरी कणीक मळताना.

त्याआधी खुणा नव्हत्या असं नाही. थकवा होता, पण थकवा नर्सला असायचाच म्हणून मी तो कधी धरलाच नाही. नातेवाईकांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की डोकं सणकायचं. ड्यूटी संपवून घरी आले की खाली स्कूटरवरच दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचे, जिना चढावासा वाटायचा नाही. मे महिन्यात चार दिवस सापुताऱ्याला जाऊन आलो, तिथे बरं वाटलं, परत आल्यावर दुसऱ्या ड्यूटीला पुन्हा जैसे थे. आणि नवरात्रात नऊच्या नऊ रात्री मी घरी. बडोद्यात वाढलेली बाई गरब्याला एक रात्रही जात नाही म्हटल्यावर आमच्या यांनीच इथला नंबर शोधला आणि अपॉइंटमेंट घेतली.

मला वाटलं होतं काउन्सेलर मॅडम श्वास घ्या, पॉझिटिव्ह राहा असलं काहीतरी सांगतील. त्यांनी आधी माझं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, मागितलं. मग झोप किती, जेवण कधी, शेवटची सुट्टी कधी. आणि पहिल्याच दिवशी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ च्या टेस्ट करून घ्यायला सांगितल्या, कारण शरीरात काही कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. माझं बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं आमच्या डॉक्टरांकडून सुरू केली, पण सगळा दोष बी-१२ चा नाही हेही मॅडमनी तेव्हाच सांगितलं.

त्यांनी जे समजावलं ते मला नर्सिंगच्या कोर्समध्ये कोणी कधी सांगितलं नव्हतं. बर्नआउट हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो १९७४ साली फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञांच्या लेखामुळे, आणि त्यांनी हे पाहिलं होतं न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात, जीव ओतून काम करणाऱ्या लोकांमध्ये. डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २०१९ साली स्पष्ट केलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे, आणि त्याच्या तीन बाजू सांगितल्या: अंगातली ताकद संपणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मी इतके दिवस फक्त पहिलीच बाजू बघत होते. आत्याला चार नंबर म्हणणं ही दुसरी बाजू होती. मॅडम म्हणाल्या, माणसाला नंबर म्हणणं हे मनाचं कुलूप आहे, तुम्ही वाईट झालेल्या नाही आहात, आत काही शिल्लक नाही म्हणून मनाने दार लावून घेतलंय. हे ऐकून मी तिथे जी रडले ना, त्यांनी मध्ये एक शब्द बोलला नाही, पाण्याचा ग्लास फक्त पुढे सरकवला.

डिप्रेशन आहे का हेही त्यांनी नीट विचारून घेतलं. जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का, हा प्रश्न सरळ विचारला, गोल गोल फिरवून नाही. तसं असतं तर लगेच सायकिॲट्रिस्टकडे पाठवणार होत्या. माझं तसं नव्हतं.

मग उपाय. त्यांनी स्पष्ट सांगितलं की रोस्टर तसंच राहिलं तर मी इथे कितीही वेळा आले तरी फरक पडणार नाही. म्हणून सिस्टर इन्चार्जना लेखी अर्ज, सलग तीनपेक्षा जास्त नाइट नको. तो अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला, एक अख्खं सेशन त्यात गेलं आणि ते पैसे मला सगळ्यात जास्त वसूल वाटले. अर्ज मंजूर व्हायला तीन आठवडे लागले, मला दोनदा विचारायला जावं लागलं, पण झाला. दुसरं म्हणजे ड्यूटी आणि घर यांच्या मध्ये एक थांबा. मी सुरसागर तलावाच्या पाळीवर दहा मिनिटं बसते, फोन डिकीत ठेवून. पहिल्या आठवड्यात नुसती घड्याळ बघत बसायचे. आता तिथला चणेवाला मला ओळखतो. तिसरं, नाइटनंतर खोलीत जाड पडदा आणि दुपारी दोनपर्यंत कोणी बेल वाजवायची नाही, सासूबाईंनी हे सगळ्यात मनावर घेतलं, दूधवाल्याला पण खाली थांबवतात.

सहा-सात आठवड्यांनी थोडा फरक जाणवला, एकदम नाही. काही दिवस अजूनही वाईट जातात. पण मागच्या आठवड्यात एका आजींना स्पंज करताना त्यांनी स्वतःहून खंडेराव मार्केटमधल्या भाजीच्या दुकानाच्या गोष्टी सांगितल्या आणि मी ऐकत होते, खरंच ऐकत होते, घरी येऊन यांना सांगितल्यासुद्धा.

एक स्टार कमी कशाला, तर वेटिंगमध्ये रिसेप्शनवरून नाव मोठ्याने पुकारतात, बडोदा एवढं मोठं नाही, ओळखीचं कोणीतरी निघतंच, इथे टोकन ठेवा प्लीज. संध्याकाळचे स्लॉट फार कमी आहेत, शिफ्टवाल्यांना शनिवारच उरतो. जिना उभा आहे, लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही, स्कूटरच न्या. फी ८०० रुपये, ५० मिनिटं, घाई करत नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांनी सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण चालू असतो, आमच्या वॉर्डात मी तो नंबर औषधाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

मॅडम गुजराती आहेत पण मराठी छान समजतं, मी रडताना मराठीतच बोलते, त्या गुजरातीत उत्तर देतात, काही अडत नाही. आता दर आठवड्याला जावं लागत नाही, पुढची अपॉइंटमेंट १५ दिवसांनी आहे. आत्या बरी आहे, त्या दिवशी तिला सोबत घेऊन जाणार आहे, तिलाही एकदा मॅडमना भेटायचंय म्हणाली.