टेली-मानस १४४१६: डिस्चार्जनंतरच्या पहिल्या महिन्यात कितपत कामाची?

मानसोपचार वॉर्डातून घरी आलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे. आत्महत्येचा धोका तेव्हा फार वाढलेला असतो, आणि गोळ्या सुटतात त्याही बहुधा तेव्हाच. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा या दिवसांत किती पुरी पडते, तेवढंच इथे पाहू.

नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. रात्री दोनला रुग्ण जागा आहे, बडबड वाढलीय, घरचे गांगरलेत. अशा वेळी समोरून माणसाचा आवाज येणं ही मोठीच सोय आहे. नातेवाइकांनाही फोन करता येतो, हे कितीतरी घरांना ठाऊक नसतं.

उणीव आहे ती सलगपणाची. वॉर्डातले कागद फोनवरच्या माणसापुढे नसतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं समोर ठेवूनच फोन लावा: निदान, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटचा डोस कधी घेतला. 'रात्रीची पांढरी छोटी गोळी' एवढ्यावर कुणीच नीट सल्ला देऊ शकत नाही.

हे किती महत्त्वाचं, ते क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीवरून कळतं. ती ४८ तासांहून जास्त सुटली तर जुना डोस तसाच घ्यायचा नसतो. रक्तदाब एकदम उतरून रुग्ण कोसळू शकतो. डॉक्टर ती पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत नेतात. बायपोलर आजारावरचं लिथियम चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतली, तर रक्तातली पातळी वाढते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर फोनवर वेळ न घालवता दवाखाना गाठा. काहींना रोजच्या गोळ्यांऐवजी देतात ते महिन्याचं इंजेक्शनही फोनवर मिळत नाही, त्याची तारीख कॅलेंडरवरच लिहून ठेवा.

मुळात वॉर्ड ते घर हा पूल रुग्णालयानेच बांधायचा असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ९८ प्रमाणे डिस्चार्जपूर्वी डॉक्टरांनी रुग्णाशी आणि सांभाळणाऱ्यांशी बोलून पुढच्या उपचारांचं नियोजन करायचं आहे. कार्डावर नुसतं 'एक महिन्याने दाखवा' असेल आणि गोळ्या पंधराच दिवसांच्या, तर तिथेच थांबून विचारा: उरलेल्या गोळ्या कुठे मिळतील? जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते? पहिली भेट सात दिवसांच्या आत मागून घ्या.

फोनवरचा धीर हवाच, पण या सेवेला ओपीडीची जागा देऊ नका. आणि जीवाला तत्काळ धोका असेल तर आधी १०८.